पाणी किती? ग्लुटेनविना ब्रेडच्या नोंदी

६ जानेवारी

बायकोच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला. सिलिअ‍ॅकच आहे. गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की आतडं बिघडतं, तो आजार. रक्तात त्याची खूण असलेल्या टीटीजी अँटिबॉडी वाढलेल्या दिसल्या तेव्हाच डॉक्टर जवळपास खात्रीनं बोलले होते. पण बायोप्सी होईपर्यंत गहू सोडू नका, असंही त्यांनी बजावलं होतं. गहू आधीच बंद केला तर आतडं सुधारायला लागतं आणि तपासणी फसते. म्हणून गेले तीन आठवडे बायको पोट धरून, मुकाट्यानं, स्वतः भाजलेला ब्रेड खात होती.

बारा वर्षं दर शनिवारी ब्रेड भाजणं हे तिचं काम आणि संपवणं हे माझं. आज ती म्हणाली, ‘मला आता पिठाकडे बघायचंसुद्धा नाही.’ मी म्हटलं, मी करतो. ती हसली. आठवडाभरात पहिल्यांदा.

ठरवलेले नियम: सगळं ग्रॅममध्ये, पाणीसुद्धा. कपाचं माप बंद, कारण एकच पीठ भुरभुरून भरलं आणि दाबून भरलं तर दोन वेगळी वजनं येतात, आणि इथं तर पिठंच पाच-सहा. एका लोफमध्ये एकच बदल. गुण ती देणार, दहापैकी.

८ जानेवारी

ब्रेड राहिला बाजूला, दोन दिवस नुसती सफाई. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायला आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे किलोला २० मिलिग्रॅम. म्हणजे ३० ग्रॅमच्या स्लाइसमध्ये जास्तीत जास्त ०.६ मिलिग्रॅम. गव्हाच्या ब्रेडचा जेमतेम दिसणारा कण, ग्रॅमचा दहावा भाग म्हणू, त्यात याच्या कितीतरी पट ग्लुटेन असतं. हा हिशेब मांडल्यावर टोस्टरकडे बघवेना.

गेलं: टोस्टर, लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी उलथनी, पिठाची चाळणी (जाळीत अडकलेलं निघतच नाही), चरे पडलेला नॉनस्टिक पॅन. राहिलं: स्टील, काच, घासून धुतलेले ट्रे. लोफचा जुना टिन ठेवायचा मोह झाला, पण कोपऱ्यातल्या दुमडीत बारा वर्षांचं काय काय बसलं असेल. गेला.

माझ्यापुरता गव्हाचा ब्रेड घरात ठेवावा का, हा प्रश्न मी विचारलाच नाही. पीठ तासन् तास हवेत तरंगतं.

११ जानेवारी, लोफ १

तिच्याच जुन्या कृतीत गव्हाऐवजी तांदळाचं पीठ घातलं. ४०० ग्रॅम पीठ, २६० पाणी, यीस्ट, मीठ, तेल. मळायला गेलो तर परातीत ओली वाळू. गोळा होईना, झाला तो उचलल्यावर फुटला. दीड तास ठेवला, काडीचाही फुगला नाही, फक्त वर भेगा पडल्या.

बाहेर आला तो दगड. कापताना सुरीचा आवाज करवतीसारखा. आत पांढरा, दाताखाली कचकच.

गुण: १. ‘एक कशाबद्दल?’ विचारलं. ‘मीठ बरोबर आहे.’

१२ जानेवारी

काल काय झालं ते समजून घेतलं. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि मळलं की त्यांचं लवचीक जाळं तयार होतं, तेच ग्लुटेन. यीस्टनं सोडलेला वायू या जाळ्यात फुग्यासारखा अडकतो. तांदळात प्रथिनं आहेत, पण अशी जाळं विणणारी नाहीत. वायू तयार झाला आणि निघून गेला. मी अर्धा तास मळत होतो ते कशासाठी, हे आता विचारायला नको.

म्हणजे वायू धरून ठेवणारं दुसरं काहीतरी हवं. ते काय, हाच सगळा प्रश्न.

१८ जानेवारी, लोफ २

झॅन्थन गम. एका जिवाणूनं साखरेवर वाढताना तयार केलेला चिकट पदार्थ. अमेरिकेच्या शेती खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. सॉसपासून आइस्क्रीमपर्यंत सगळीकडे असतो.

पिठंही बदलली. (नियम मोडला, कबूल. पण नुसत्या तांदळावर दुसरा दगड भाजायची हिंमत नव्हती.) ज्वारी १५०, तांदूळ १००, टॅपिओका (साबुदाण्याच्या कंदाचा) स्टार्च ९०, बटाट्याचा स्टार्च ६०. एकूण ४००, यापुढे हेच कायम. झॅन्थन ६ ग्रॅम, पाणी ३४०.

हे मळायचं नसतं, चमच्यानं फेटायचं असतं. दाट केकच्या घोळासारखं झालं. टिनमध्ये छान वर आलं, काठाच्याही वर. मी खूश होऊन अजून वीस मिनिटं राहू दिलं. ओव्हनमध्ये गेल्यावर मधोमध बसलं, होडीसारखं.

हाव नडली. इथं फुगण्याची एकच फेरी, आणि तीही दीडपटीवर थांबवायची. गव्हाचं पीठ ताणलं जातं, पुन्हा दाबलं की पुन्हा उभं राहतं. या घोळाला तेवढी ताकद नाही.

गुण: ३. चव ‘बरी’, पोत ‘भांडी घासायच्या स्पंजासारखा’.

२५ जानेवारी, लोफ ३

इसबगोल. पोटासाठी घेतात तोच. हा भुसा पाण्यात पाच मिनिटं ठेवला की चमच्याला लोंबणारी जेली होते, आणि ती जेली ताणली जाते. झॅन्थन चिकटवतो, इसबगोल ताणतो. फरक हाताला लगेच कळला. पीठ पहिल्यांदाच गोळा झालं, त्याला आकार देता आला. बोट ओलं करून वरून गुळगुळीत केलं, तेव्हा बायको मागे येऊन उभी होती. काही बोलली नाही.

इसबगोल १२, पाणी ३४०. फुगला, बसला नाही. पण कापल्यावर भुगा.

आणि रंग! जांभळट. इसबगोलाची बारीक पूड वापरली की कधी कधी असं होतं म्हणे, खायला अपाय नाही. अख्खा भुसा आणायचा. मात्र पूड आणि भुसा चमच्यानं मोजू नयेत. पुडीचा चमचा बराच जड भरतो.

गुण: ४.

१ फेब्रुवारी, लोफ ४

इसबगोल २०, बाकी सगळं तेच. अख्खा भुसा. रंग ठीक. पीठ मात्र घट्ट गोळा, वर यायला नाखूश. भाजून आला तो आखूड, जड, आणि आत गिच्च. वर कवच आणि खाली ओलसर रबर.

गिच्च म्हणजे पाणी जास्त झालं, असा मी निष्कर्ष काढला.

गुण: ३.

३ फेब्रुवारी, लोफ ५

पाणी ३००. आणखी आखूड, आणखी जड, आणि आणखी गिच्च. पाणी कमी केल्यावर ओलं कसं होतं? रागानं अर्धा फेकून दिला. उरलेला वाळवून, दळून क्रम्स केले. क्रम्स उत्तम झाले. वाईट लोफचं काय करावं हे तरी कळलं.

गुण मागितले नाहीत.

५ फेब्रुवारी

ब्रेडला सुट्टी. सॉस केला. इथं गव्हाची उणीव भासलीच नाही. कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून उकळत्या सॉसमध्ये ओतलं की चकचकीत, पारदर्शक दाटपणा येतो. तांदळाचं पीठ लोण्यात परतून घेतलं तर दुधाळ, अपारदर्शक, मैद्यासारखाच. टॅपिओका घातला तर तार सुटते. सॉसला ती नको. उरलेला सॉस फ्रीजमध्ये टाकायचा असेल तर कॉर्नफ्लोअर दुसऱ्या दिवशी पाणी सोडतं, तांदूळ कमी सोडतो.

एक घोळ टाळायचा: कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा नुसता स्टार्च, मक्याचं पीठ वेगळं. बटाट्याचा स्टार्च आणि बटाटा शिजवून-वाळवून केलेलं पीठ हेही वेगळं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

८ फेब्रुवारी

सकाळी कुट्टूचे पॅनकेक. कुट्टूला इंग्रजीत बकव्हीट म्हणतात. नावात गहू आहे म्हणून तिनं आधी ताट बाजूला सरकवलं. गव्हाशी त्याचं नातं नाही. ते गवतही नव्हे, चुक्याच्या आणि रुबार्बच्या कुळातलं रोप. नुसत्या कुट्टूचा घोळ अंडं आणि पाणी घालून अर्धा तास भिजवला तर पातळ पसरतो आणि उलटताना फाटत नाही. त्याच्या अंगात उपजतच थोडा चिकटपणा आहे.

पहिले दोन पॅनकेक मी न भिजवता घातले होते. ते कणीदार झाले, नंतरचे नाही. तेव्हा ही गोष्ट मनात नोंदवायला हवी होती. नोंदवली नाही.

९ फेब्रुवारी

तिच्या मैत्रिणीनं दळलेल्या सूर्यफुलाच्या बिया दिल्या (बंद डबा, ग्लुटेन-फ्री शिक्का, मी तीनदा वाचला). मफिन केले. संध्याकाळी एक फोडला तर आत हिरवागार. बुरशी समजून अख्खा ट्रे कचऱ्यात टाकणार होतो. बुरशी नव्हे: सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं आणि सोड्याच्या संगतीत ते हिरवं होतं. पुढच्या वेळी सोडा कमी, थोडा लिंबाचा रस. चवीला फर्स्ट क्लास. गुण ८, पण मफिनचे. इथं मोजणार नाही.

१४ फेब्रुवारी

ज्वारी संपली म्हणून बाजरी वापरायला काढली. कडू. दळून सहा आठवडे कपाटात होती. बाजरीत स्निग्धांश जास्त आणि तो फोडणारं एन्झाइमही तिच्यातच. दळलं की दोघांची गाठ पडते आणि पीठ खवट होऊ लागतं. आता बाजरी थोडीच आणि फ्रीजरमध्ये. बदामाचं पीठही तिकडेच हलवलं.

१५ फेब्रुवारी, लोफ ६

लोफ ५ बद्दल तिला सांगितलं. म्हणजे तक्रार केली. तिनं नोंदवही मागितली, दोन मिनिटं वाचली आणि म्हणाली, ‘अरे, इसबगोल वाढवलास आणि पाणी तेवढंच ठेवलंस. सगळं पाणी तो पितोय. पीठ तहानलेलं आहे. आणि तू वर त्याचं पाणी तोडलंस.’

बरोबर होतं. इसबगोल स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. पिठातल्या स्टार्चला फुगायला पाणीच उरलं नाही. घट्ट गोळ्यात वायूची छिद्रं होईनात, छिद्रं नाहीत म्हणून उष्णता आत जाईना, आत गेली नाही म्हणून कच्चं. जे मला ओलं लागत होतं ते न शिजलेलं होतं.

पाणी ४५०. चुकून जास्त ओतलं की काय, असं वाटावं इतकं सैल. दहा मिनिटांनी तेच पीठ आपोआप घट्ट झालं. टिनमध्ये ५० मिनिटांत दीडपट. भाजल्यावर काठाच्या दोन बोटं वर. ब्रेडचा वास आला. घरात सव्वा महिन्यानं.

आणि मी तो गरम असतानाच कापला.

सुरीला लगदा चिकटला. ती कपाळाला हात लावून म्हणाली, ‘बारा वर्षं मी तुला गरम ब्रेडजवळ येऊ देत नव्हते, का ते तुला कधी कळलं नाही.’ स्टार्च गार होताना घट्ट बसतो; गव्हाचा ब्रेड हे थोडं सहन करतो, हा अजिबात नाही. तीन तास तरी थांबायचं, जाळीवर.

गुण: ५. ‘सहा देणार होते.’

२२ फेब्रुवारी, लोफ ७

तीच मापं, रात्रभर गार केला. खूप बरा, पण तळाशी बोटभर गिच्च पट्टी अजून आहे. ओव्हनमध्ये लटकवायचा थर्मामीटर आणला. २२० वर काटा, आत १९५. इतके दिवस मी पिठाला दोष देतोय आणि हा डबा खोटं बोलतोय.

१ मार्च, लोफ ८

आता लोफच्या पोटात सुईचा थर्मामीटर खुपसून बघतो. ९७–९८ अंश झाल्याशिवाय बाहेर नाही. खरी २२० अंशांची उष्णता २० मिनिटं, मग २०० वर ४५. गव्हाच्या लोफला मला इतका वेळ कधी आठवत नाही, पण इथं पिठापेक्षा पाणीच जास्त आहे. ते बाहेर पडायला वेळ लागणारच. वरून रंग फार आला तर फॉइल.

पट्टी गेली. गुण: ६.

५ मार्च

ओट्सचा प्रश्न. ओट्समध्ये गव्हातलं ग्लुटेन नाही, एव्हेनिन नावाचं वेगळं प्रथिन आहे आणि बहुतेकांना ते चालतं. थोड्या लोकांना तेही सोसत नाही. मोठी अडचण शेतातली आणि गिरणीतली: ओट्स गहू-बार्लीच्या शेजारी वाढतात आणि त्याच यंत्रांतून जातात. म्हणून साधे ओट्स नकोत, ग्लुटेन-फ्री शिक्क्याचेच, आणि तेही डॉक्टरांना विचारून. डॉक्टर म्हणाले, आधी सहा महिने जाऊ देत. तर ओट्स बंद. बार्ली आणि राय तर पहिल्यापासूनच बाद.

जेवताना तिनं विचारलं, पूर्वी लोक काय करत असतील? पूर्वी कळायचंच नाही. गहू हे कारण आहे हे दाखवलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलंड्समध्ये ब्रेड मिळेनासा झाला, आणि त्यांची आजारी मुलं उलट सुधारली; ब्रेड परत आला तशी पुन्हा खालावली. आहारातले पदार्थ मोजूनमापून बदलत त्यांनी ते तपासलं आणि १९५० मध्ये प्रबंध लिहिला. एका वेळी एकच बदल. मी तिला माझा नियम दाखवला. तिनं लोफ २ वर बोट ठेवलं.

८ मार्च, लोफ ९

अजून एक तक्रार होती: स्लाइसच्या शेवटी जिभेवर कणी. तांदूळ आणि ज्वारी. तेव्हा पॅनकेक आठवले. ज्वारीतलं ६० ग्रॅम पीठ घेऊन त्यावर एकूण पाण्यातलंच १८० ग्रॅम उकळतं पाणी ओतलं, झाकलं, कोमट होऊ दिलं. चक्क उकड. ज्वारीचा स्टार्च ७० अंशांच्या आसपास फुगतो आणि एकदा फुगला की पाणी धरून बसतो. ही उकड, इसबगोलाची जेली आणि उरलेली पिठं असं एकत्र करून अर्धा तास विश्रांती, मगच यीस्ट.

कणी गेली. इतकंच नाही, स्लाइस दुमडली तरी मोडली नाही. मी ती चारदा दुमडून पाहिली, चौथ्यांदा मोडली.

गुण: ७½. अर्ध्याचा हिशेब दिला नाही.

१५ मार्च

वाढदिवस, म्हणून केक. बदामाचं पीठ २००, अंडी चार, साखर १५०, थोडी बेकिंग पावडर, लिंबाची साल. अंडी आणि साखर फेसाळेपर्यंत फेटली, पीठ हलक्या हातानं मिसळलं, १७० वर ४० मिनिटं. पहिल्याच फटक्यात सुरेख. बदामात निम्मं तेल असल्यामुळे रंग झरकन येतो, तेवढं बघायचं.

चिडच आली. केकमध्ये ग्लुटेन मुळात नकोच असतं, तिथं तर ते होऊ नये म्हणून कमी ढवळायचं सांगतात. सगळा डोलारा अंड्यांवर. बिस्किटांचंही तेच. म्हणजे मी शिकायला जी गोष्ट निवडली ती यातली सगळ्यात अवघड. कोणी आज सुरू करणार असेल तर केकपासून करावं, मग पॅनकेक, मग बिस्किटं, आणि ब्रेड अगदी शेवटी. नारळाच्या पिठाला मात्र सुरुवातीला हात लावू नये. ते इतकं पाणी ओढतं की दुसऱ्या कुठल्याही पिठाचं माप त्याला लागू पडत नाही.

२२ मार्च, लोफ १० आणि ११

दोन केले, एक कपाटात, एक फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधला जास्त कडक. गार जागेत स्टार्च लवकर आखडतो. आता पूर्ण गार झाला की स्लाइस करून थेट फ्रीजर, आणि लागेल तेवढे तुकडे नव्या टोस्टरमध्ये. टोस्ट केल्यावर ताज्याशी फारसा फरक राहत नाही.

५ एप्रिल, लोफ १३

बारावा यीस्ट जुनं निघाल्यामुळे वाया गेला, लिहिण्यासारखं नाही. तेरावा: ज्वारीतलं ५० काढून तिथं कुट्टू. रंग गडद, वास खमंग, कवच खरपूस. गुण: ८. यापुढे जाणार नाही, असं तिनं सांगितलं. का? ‘दहा म्हणजे माझा जुना ब्रेड. तो आता कोणीच करणार नाही.’ मग थोडं थांबून, ‘नऊ देता येईल कधीतरी.’

१२ एप्रिल, लोफ १४

दुपारी बाहेरून आलो तर ओव्हन चालू. ओट्यावर कुट्टू, ज्वारी, बेसनसुद्धा (बेसन!), आणि ती टिनवर फॉइल घालत होती. वजनकाटा कपाटातच होता. उकड काढलीस का विचारलं, काढली म्हणाली. बेसन किती? मूठभर. कच्चा वास येईल म्हटलं. ‘उकडीतच घातलंय ते.’ चार बदल एकदम. मी काही बोललो नाही.

तीन तास थांबलो. बारीक, एकसारखी छिद्रं. बेसनाचा वास नाही. कवच माझ्यापेक्षा चांगलं.

नोंद तिनंच केली आहे, तिच्या अक्षरात. पीठ: जवळजवळ तेच. इसबगोल: दोन मुठी. वेळ: होईपर्यंत. पाण्याच्या रकान्यात लिहिलंय, ‘लागेल तसं’. गुणांचा रकाना माझ्यासाठी मोकळा सोडलाय.

८½ दिले. मीठ किंचित कमी होतं.